मदत हवी आहे : स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) चालू असलेले रुग्ण कशात मोजायचे?
एमडी मेडिसिनच्या प्रबंधासाठी वॉर्डातल्या रुग्णांमध्ये लिपिड (रक्तातली चरबी) बिघाडाचं प्रमाण काढतेय. निकष एटीपी-३ या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांचे, म्हणजे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३० mg/dL, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार) १५० किंवा त्याहून जास्त वगैरे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की एलडीएल हिशोबाने काढायचं फ्रीडवाल्ड सूत्र चालत नाही, तिथे थेट मोजलेलं एलडीएल घेतलंय. हार्ट अटॅकनंतर एलडीएल उतरतं, म्हणून २४ तासांनंतरचे नमुने वेगळे ठेवलेत.

अडलंय ते स्टॅटिनवाल्यांपाशी. गोळी चालू असल्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येतो. त्यांना निरोगी धरणं मला अजिबात पटत नाही, आणि वगळलं तर प्रमाण खोटंच कमी दिसेल. जुने रिपोर्ट बहुतेकांकडे नाहीत, गोळी थांबवून तपासणं तर शक्यच नाही. मग यांना सरळ बिघाड असलेल्यांत धरायचं, की दोन्ही आकडे वेगवेगळे द्यायचे?