मदत हवी आहे: ऑगस्टाच्या गोल्फ स्पर्धेत प्रेक्षकांनी कसे वागावे?

अटलांटाकर: एप्रिलमध्ये वडिलांना घेऊन मास्टर्स, म्हणजे अमेरिकेतल्या ऑगस्टाची गोल्फ स्पर्धा, पाहायला जायचे आहे. त्यांनी आयुष्यभर वानखेडेवर क्रिकेट पाहिले असल्याने चांगल्या फटक्याला मनसोक्त ओरडणे हाच त्यांच्या मते प्रेक्षकाचा धर्म आहे. मोबाइल आणि कॅमेरा नेता येतो का, आणि टाळ्या केव्हा वाजवाव्यात, एवढेच कृपया लवकर सांगावे. तिकिटे मिळाली आहेत.

हिरवळप्रेमी: कोणत्या दिवसाची, हे आपण लिहिलेच नाही. सोमवार ते बुधवार सराव असतो, तेव्हा साधा कॅमेरा चालतो. गुरुवारपासून तोही चालत नाही. मोबाइल मात्र कोणत्याच दिवशी नेता येत नाही. मैदानावर फुकट वापरता येणारे दूरध्वनी असतात, म्हणून घरच्यांचे क्रमांक कागदावर लिहून न्यावेत.



वाळूचाखड्डा: एवढे घाबरण्याचे कारण नाही. स्कॉट्सडेलच्या फिनिक्स ओपन या दुसऱ्या गोल्फ स्पर्धेत सोळाव्या होलभोवती हजारो लोक आरडाओरडा करतात आणि चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पडला नाही तर खेळाडूची हुर्यो उडवतात. काकांना तिकडेच न्यावे.

हिरवळप्रेमी: प्रश्न ऑगस्टाचा आहे. तिथे धावण्यासही मनाई आहे, आणि खेळाडूच्या चुकीवर टाळ्या वाजवणे किती क्लेशदायक असते, हे सांगणारे, स्पर्धेचे एक संस्थापक बॉबी जोन्स यांनी १९६७ साली लिहिलेले निवेदन आजही प्रेक्षकांच्या माहितीपत्रकात छापले जाते. खेळाडू चेंडूजवळ पवित्रा घेऊ लागला की बोलणे आणि हालचाल थांबवावी. फटका चांगला बसल्यावर खुशाल दाद द्यावी. आवडत्या खेळाडूचा चेंडू होलमध्ये गेला म्हणून लगेच पुढे निघू नये, कारण त्याच्यासोबत खेळणाऱ्याचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये घालण्याचा हलका फटका, अजून बाकी असतो. नेमके हेच पुष्कळांना कळत नाही.

अटलांटाकर: तिकिटे गुरुवारची असून ती माझ्या यजमानांच्या सहकाऱ्याच्या नावावर आहेत.

जुनाकॅडी: हे आधी सांगायला हवे होते! पाहुण्याने नियम मोडला तरी जबाबदारी तिकीट ज्याच्या नावावर आहे त्याची धरली जाते, आणि त्याला पुढे कधीच तिकीट न मिळण्याची वेळ येऊ शकते. वडिलांच्या खिशात फोन राहिलेला नाही, हे गाडीतून उतरतानाच पाहावे.

अटलांटाकर: त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. खुर्ची चालेल का?

जुनाकॅडी: घडीची, पण हात नसलेली. नाव लिहून ती ग्रीनजवळ ठेवावी आणि निर्धास्त फिरून यावे. मधल्या वेळात तिच्यावर कोणी बसलेले दिसले तर रागावू नये, कारण तशी तिथे मुभा आहे. आपण आल्यावर ती व्यक्ती उठते.