सेंद्रिय बाजारात न जाणारे सगळे विष खातात का?

सिंहगडरोडवाली: काल इथे एकाने लिहिलं की सेंद्रिय आठवडी बाजारात जाणारेच पर्यावरण वाचवतात, मंडईवाले विष खातात. डोकंच फिरलं. अहो मेथीच्या एका जुडीसाठी बाणेरहून चारचाकी काढता, बाजाराबाहेर पार्किंगला जागा नसते, आणि पर्यावरण आम्ही बुडवतो? आमच्या मंडईत टेम्पोभर माल एका फेरीत येतो. वर सर्टिफिकेट विचारलं की "ताई, विश्वास ठेवा". दुप्पट भाव विश्वासावर?

मुळशीकर: ताई, विश्वास ठेवा म्हणणारा मीच. पीजीएसमध्ये आहे, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांना सेंद्रियचा दाखला द्यायची सरकारी पद्धत. किमान ५ शेतकऱ्यांचा गट असतो, एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. बाहेरच्या एजन्सीची फी माझ्या दीड एकराला झेपत नाही. आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली तर थेट गिऱ्हाइकाला विकायला सर्टिफिकेट लागत नाही, हा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम, माझा नाही. रासायनिक सोडून सेंद्रियवर यायची, रूपांतराची २ वर्षं उत्पन्न घटतं आणि भाव साधाच मिळतो, तेव्हा कुठे असता तुम्ही?

पेठेतला: एकमेकांची तपासणी म्हणजे बाकावरच्या दोघांनी एकमेकांचे पेपर तपासायचे. असो. मला गुळाचं सांगा. काळा गूळ म्हणजे सेंद्रिय हे कुणी ठरवलं? पाक करपला तरी काळाच होतो, तोच दुप्पट भावाने गळ्यात मारतात.

दौंडकर: गुळावर बोलू नका, आमचं गुऱ्हाळ आहे. भेंडीच्या रसाने मळी काढली की तांबूस येतो, पण तो तुमच्या पुण्यात खपत नाही. पिवळाधमक पाहिजे असतो, म्हणून लोक रंग उजळायला हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात. आधी डोळ्यांना आवरा मग आम्हाला शिकवा.

सिंहगडरोडवाली: आणि जळण? माझी नणंद तिकडेच राहते, शेजारच्या गुऱ्हाळात टायर नि प्लास्टिक जाळतात, दोरीवरचे कपडे काळे होतात. ऊस सेंद्रिय, धूर टायरचा! लावा लेबल.

दौंडकर: सगळे जाळत नाहीत, आम्ही चिपाडच घालतो. आणि धुराचं तुम्ही बोलताय? तुमचं पुण्याचं मैलापाणी मुंढव्याच्या जॅकवेलवरून, म्हणजे उपसा विहिरीवरून, आमच्या शेतीच्या बेबी कालव्यात येतं, शुद्ध केलेलं म्हणे, वास घ्यायला या एकदा. नदीतलं तर विचारूच नका. त्याच पाण्यावर आम्ही पिकवतो आणि वरून विष विष म्हणून ओरडता तुम्हीच.

पेठेतला: त्या पाण्यावर ऊस कुणी लावायला सांगितला?

दौंडकर: मग काय केशर लावू? उसाला निदान ठरलेला भाव असतो. टोमॅटो रस्त्यावर ओतलाय कधी?

मुळशीकर: गाड्यांचं ताईंचं खरंय, तेवढं मान्य, नाइलाजाने. सोसायटीतल्या १० घरांनी एकत्र ऑर्डर द्या, मी टेम्पोने आणतो. पण पालकाला भोकं दिसली म्हणून जुडी परत करायची नाही.

सिंहगडरोडवाली: भोकं चालतील. भाव मंडईचा लावा.

मुळशीकर: मग मंडईतच जा ना ताई.

पेठेतला: करपलेल्या गुळाचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही.