मदत हवी आहे: गेम आर्टच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन कलादालनात भरवायचंय (प्रिंट, मशीन, परवानग्या)

शेवटचं_सेमिस्टर:
गेम आर्ट पदवीच्या शेवटच्या वर्षाचं काम यंदा लॅबमध्ये न लावता पुण्यातल्या एका कलादालनात तीन दिवस मांडायचंय. विद्यार्थी १४. सहा जणांचं अनरिअलमधलं (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) खेळता येणारं काम आहे, बाकीच्यांची कॅरेक्टर, प्रॉप, एन्व्हायर्नमेंट. बघायला पालक, शाळेतली मुलं आणि आले तर स्टुडिओवाले. रेंडर (सॉफ्टवेअरने काढलेली अंतिम चित्रं) केवढे नि कशावर छापायचे? मशीन दिवसभर लोकांच्या हाती कशी टिकवायची? मेगास्कॅन्स (दगड-झाडांचे तयार स्कॅन), मिक्सामो (तयार अ‍ॅनिमेशन) वापरलेलं काम लावलं तर चालतं का?

सनबोर्ड:
छपाईपुरतं सांगतो. १९२०×१०८० चा स्क्रीनशॉट १५० पीपीआयला (इंचाला १५० पिक्सेल) जेमतेम १२.८ इंच रुंद होतो, तो ए१ वर ताणला की कडा फाटतात. ए२ साठी १५० ला २४८०×३५०८ पिक्सेल हवेत, हात-दीड हातावरून बघायला तेवढे पुरतात. जवळून वाचायचं काही असेल तर ३०० ला ४९६१×७०१६. अनरिअलमधून हायरेझशॉट कमांडने मोठी फ्रेम काढा, नंतर फोटोशॉपमध्ये फुगवू नका.

खरी गोची अंधाऱ्या रेंडरांची. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही, त्यामुळे गुहा, रात्र, धुकं सगळं काळं ठिक्कर येतं. शिवाय सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) निऑन निळा नि हिरवा मरतो. म्हणून ज्या मशीनवर, ज्या मीडियावर छापणार त्यावरच आधी ए४ ची पट्टी काढा: एकच फ्रेम कमी-जास्त उजेडाच्या तीन पातळ्यांत. ती कलादालनाच्या दिव्याखाली धरून बघा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको. छापायला ५ एमएम सनबोर्ड (फोमचा कडक बोर्ड), मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी घेतलंत तर चित्राऐवजी स्पॉटलाइट दिसेल. फ्लेक्स दाराबाहेर ठीक, आत नको. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी.

बिल्ड_मोडला:
एडिटरमधून खेळ चालवायचा मोह टाळा. शिपिंग बिल्ड (एडिटरशिवाय चालणारी अंतिम आवृत्ती) काढा आणि ज्या मशीनवर दाखवणार त्याच मशीनवर सगळं लेव्हल एकदा फिरून घ्या. डीएक्स१२ मध्ये (विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा) पहिल्या वेळी शेडर (रंग नि उजेड ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना खेळ अडखळतो, ते पाहुण्यासमोर नको.

विंडोजची कामं: अपडेट पॉज, स्लीप बंद, नोटिफिकेशन बंद, गेम बार बंद (नाहीतर कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं की तो वर येतो), आणि स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद. हा शेवटचा सगळे विसरतात. धावायला शिफ्ट ठेवलेली असते, मुलं ती पाच वेळा दाबतात आणि स्क्रीनच्या मधोमध खिडकी उगवते.

खेळात ६० सेकंद कुणी काही दाबलं नाही तर मुखपृष्ठावर परत, 'बाहेर पडा' बटण काढून टाका, फ्रेमरेट ६० ला बांधा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड उगाच तापत नाही. क्रॅश झाल्यावर खेळ आपोआप उघडायला छोटी बॅच फाइल पुरे: खेळ सुरू कर, बंद होईपर्यंत थांब, पुन्हा पहिल्या ओळीवर जा. कंट्रोलर वायरचेच घ्या, वायर टेबलाला झिप टायने बांधा, पण हातभर ढील ठेवा. घट्ट बांधली की ओढ यूएसबी पोर्टवर येते आणि आधी पोर्ट जातं. टीव्ही वापरणार असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर उडी उशिरा पडते.

शेवटचं_सेमिस्टर:
सहा डेस्कटॉप आहेत. कलादालनात भिंतीला ६ अँपिअरचे सॉकेट. एक्स्टेंशन बोर्डावर भागेल?

बिल्ड_मोडला:
एका सॉकेटवर नाही. खेळ चालू असताना एक मशीन मॉनिटरसकट ४५० वॉट धरलं तर सहांचे २७०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास १२ अँपिअर. दोन-दोन मशीन वेगवेगळ्या सॉकेटवर द्या, आणि ते सॉकेट एकाच एमसीबीवर (भार वाढला की पडणारा स्विच) नाहीत ना, हे तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. बोर्डाला बोर्ड जोडू नका.

टर्नटेबल:
खेळ नसलेल्या आठ जणांसाठी टीव्हीवर टर्नटेबल व्हिडिओ (मॉडेल गोल फिरवून दाखवणारा). पेनड्राइव्हवरून लूप लावला की बरेच टीव्ही दर वेळी काळी स्क्रीन नि फाइलचं नाव दाखवतात. म्हणून २४ सेकंदांचा तुकडा १५० वेळा जोडून एक तासाची एकच फाइल करा. जुने टीव्ही फॅट३२ च (पेनड्राइव्हचा जुना फॉरमॅट) वाचतात, तिथे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा. १०८०पी, एच.२६४, ८ एमबीपीएसला तासाचे ३.६ जीबी होतात, बसतं.

भिंतीवर वायरफ्रेम (मॉडेलची रेषांची जाळी), यूव्ही (मॉडेलचा उलगडलेला पृष्ठभाग), टेक्श्चर मॅप जरूर लावा. स्टुडिओवाला तेच बघायला येतो.

सनबोर्ड:
पालकांना यूव्ही म्हणजे चपटं केलेलं कातडं वाटतं हो! सगळ्यांचं सगळं लावलंत तर भिंत जर्नलसारखी दिसेल. प्रत्येकी एकच, तेही ए३. लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयाने २०१८ मध्ये व्हिडिओगेम्सचं प्रदर्शन केलं, त्यात वह्या नि कच्ची रेखाटनंही मांडली होती. सामान्य माणूस तिथे जास्त रेंगाळतो.

टर्नटेबल:
मान्य. मग मॅप त्याच टीव्हीवर टाका: आधी फायनल, मग क्ले (रंगाविना करडं मॉडेल), मग वायरफ्रेम. कॅमेरा तसूभर हलता कामा नये, तरच फरक कळतो.

कलम_कसाई:
परवान्यांचं बघू. मिक्सामोचं अ‍ॅनिमेशन आणि मेगास्कॅन्सचे दगड खेळात वापरून दाखवायला हरकत नाही, पण पाटीवर स्पष्ट लिहा: 'कॅरेक्टर व टेक्श्चर स्वतःचं, अ‍ॅनिमेशन मिक्सामोचं, दगड मेगास्कॅन्सचे.' न लिहिता लावलंत आणि स्टुडिओवाल्याने दगड ओळखला, तर मुलाचं बाकीचं कामही संशयात येतं. इंटर्नशिपमध्ये केलेलं काम एनडीएखाली (गुप्ततेचा करार) असेल तर लेखी परवानगीशिवाय नाहीच. फॅन आर्ट दाराबाहेरच्या पोस्टरवर नको. पार्श्वसंगीत म्हणून सिनेमाची गाणी लावू नका, सार्वजनिक ठिकाणी त्याला पीपीएल, आयपीआरएस या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने लागतात.

आणि विद्यार्थ्यांकडून एका पानाची लेखी संमती घ्या: काय लावणार, नाव कसं छापणार, फोटो कॉलेजच्या जाहिरातीत वापरणार का. जाहिरातीचा रकाना वेगळ्या सहीचा ठेवा, एखाद्याला प्रदर्शन हवं असतं पण जाहिरात नको असते.