एआय एजंटची टिचकी भलतीकडेच पडते, पिंच तर होतच नाही – मदत हवी आहे

हौसेखातर एक अँड्रॉइड अ‍ॅप लिहिलंय. एक लांबलचक यादी आणि एक नकाशा, एवढाच पसारा. प्रत्येक बदलानंतर तेच तेच हाताने तपासायचा कंटाळा आला, म्हणून ते काम एआय एजंटच्या गळ्यात घातलं. छोटा एमसीपी सर्व्हर (एजंटला बाहेरची टूल्स वापरू देणारा दुवा) लिहिला, त्यात तीनच टूल्स: स्क्रीनशॉट, टॅप, स्वाइप. आत सगळं एडीबी (संगणकावरून अँड्रॉइड फोनला हुकूम देणारं साधन), म्हणजे 'इनपुट टॅप' आणि 'इनपुट स्वाइप'. एजंट चित्र बघून जागा सांगतो, टूल तिथे दाबतं.

आता रडगाणं. वरच्या डाव्या कोपऱ्यातला मेनू दरवेळी बरोबर उघडतो, पण खाली उजवीकडचं 'जतन करा' एकदाही लागलेलं नाही. टॅप पडतो स्क्रीनच्या मधोमध. यादी थोडी सरकव म्हटलं तर पार तळाशी जाते. आणि नकाशावर दोन बोटांनी झूम, म्हणजे पिंच, करायला सांगितलं की पठ्ठ्या एकामागून एक दोन स्वाइप करतो आणि 'झूम केले आहे' असं छातीठोकपणे कळवतो!

मॉडेल बदललं, प्रॉम्प्टमध्ये 'नीट बघून दाब' असंही लिहिलं. ढिम्म फरक नाही. कुणी हे केलंय का?

जुनंखोड: मॉडेलला उगाच बोल लावू नका. स्क्रीनशॉट पाठवण्याआधी लहान करता का?

धागाकर्ता: हो, टोकन (मॉडेलच्या वापराचं माप) वाचवायला. स्क्रीन १०८०×२४००, चित्र ५४०×१२००... अरेच्चा!

जुनंखोड: सापडलं ना! एजंट ५४०×१२०० च्या चित्रात मोजतो आणि तुमचं टूल तेच आकडे जसेच्या तसे फोनला देतं. बटण (१०००, २३००) वर असेल तर टॅप (५००, ११५०) वर पडणार. कोपऱ्यातला मेनू शून्याजवळ असल्याने तिथली चूक त्याच्या आकारातच खपून जाते. पुढे कधी शंका आली तर हेच बघा: चूक अंतरासोबत वाढत गेली तर गुणोत्तर चुकलंय, सगळीकडे सारखीच असेल तर चित्राची वरची पट्टी वगैरे कापली गेलीय. दुप्पट करायचं काम टूलमध्ये करा, एजंटला गणित घालू नका.

त्याहून बरं म्हणजे जागा विचारूच नका. 'यूआयऑटोमेटर डंप' केलं की स्क्रीनवरच्या घटकांची एक्सएमएल मिळते, त्यात प्रत्येकाच्या सीमा असतात. त्यांना क्रमांक देऊन यादी एजंटला द्या. तो '७ दाब' म्हणेल, टूल सातव्याचा मध्य काढेल. माझं निम्मं डोकं यानेच शांत झालं.

यादीचं म्हणाल तर स्वाइपला शेवटी मिलिसेकंदांचा आकडा देता येतो. तो कमी ठेवला की बोट उचलल्यावरही यादी वेगाने घरंगळत राहते. १०००-१५०० द्या, अंतर अर्ध्या स्क्रीनपेक्षा कमी ठेवा आणि हालचाल थांबल्यावरच पुढचा स्क्रीनशॉट घ्या. लाँग प्रेससाठी वेगळी कमांड शोधू नका. सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर ठेवून १००० मिलिसेकंदांचा स्वाइप द्या.

दोनबोटं: 'इनपुट टॅप' आणि 'इनपुट स्वाइप' दोन्ही एकाच बोटाचे, त्यामुळे त्यांतून पिंच निघणार नाही. त्यासाठी अ‍ॅपियम हे अ‍ॅप आपोआप तपासणारं साधन घ्या. अ‍ॅपियमच्या यूआयऑटोमेटर२ ड्रायव्हरमध्ये पिंचची तयार कमांड आहे, ती चौथं टूल म्हणून जोडा. अ‍ॅपियम नको असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटी सर्व्हिसचं (दिव्यांगांना फोन वापरायला मदत करणारी अँड्रॉइडची सोय) 'डिस्पॅचजेश्चर' आहे, अँड्रॉइड ७ पासून. एकाच जेश्चरमध्ये दोन रेषा एकाच वेळी सुरू करायच्या. आणि टूलने नुसतं 'झालं' म्हणू नये, नंतरचा स्क्रीनशॉट परत द्यावा. थापा तिथेच थांबतात.

धागाकर्ता: दोघांचेही आभार! गुणोत्तर दुरुस्त केलं, 'जतन करा' पहिल्याच फटक्यात लागलं. पिंचही अ‍ॅपियमने जमला. मधेच आडवा स्वाइप केला की अ‍ॅप मागच्या पानावर जात होतं, तेही कळलं: सुरुवात अगदी कडेपासून व्हायची, फोन त्याला 'मागे जा' समजायचा. आता १५० पिक्सेल आतून सुरू करतो.

एकच राहिलं. नकाशावरच्या खुणा डंपमध्ये येतच नाहीत, अख्खा नकाशा एकच घटक दिसतो.

जुनंखोड: खुणा तुम्हीच कॅनव्हासवर रंगवल्यात, मग सिस्टिमला त्या कशा कळणार? अ‍ॅप तुमचंच आहे, तेव्हा 'एक्सप्लोरबायटचहेल्पर' हा अँड्रॉइडचा तयार क्लास वापरून प्रत्येक खुणेला आभासी घटक द्या. डंपमध्ये दिसतील, आणि टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्यांनाही तुमचा नकाशा पहिल्यांदाच वाचता येईल.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री बसतो.