फायनान्सच्या इंटरव्ह्यूत सुरुवातीला काय विचारता?

जमाखर्च_पुणे: आमची चाकणला छोटी पार्ट्सची कंपनी आहे, फायनान्समध्ये ज्युनियरची जागा भरायचीय. रेझ्युमेवर सगळ्यांच्याच डीसीएफ (पुढे येणाऱ्या पैशावरून कंपनीची आजची किंमत काढणं), फायनान्शियल मॉडेलिंग वगैरे असतं पण साधं काही विचारलं की अडकतात. पहिल्या दहा मिनिटांत अंदाज येईल असे सोपे प्रश्न सांगा ना.

ताळेबंद: मी एकच विचारतो, कंपनीला वर्षात १० लाख नफा झाला पण बँकेत पैसा नाही, असं कसं? ज्याला समजतं तो लगेच बोलायला लागतो, उधारी अडकली असेल, स्टॉक पडून असेल, मशीन घेतलं असेल. कर्जाचा हप्ता भरला, त्यातलं व्याज खर्चात जातं पण मुद्दल नफ्या-तोट्यात दिसतच नाही, हे कुणी आपणहून सांगितलं तर मी पुढचं फारसं विचारतच नाही.

सीए_नाशिक: जीएसटीचा विचारा. १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८० रुपयांचं, तर त्यात जीएसटी किती? बरेच जण १,१८० चे १८ टक्के काढून २१२.४० सांगतात, उत्तर १८०, कारण १८ टक्के मूळ १,००० वर लागतात. दुसरा नेहमीचा म्हणजे डेप्रिसिएशन (घसारा, म्हणजे मशीन वगैरेची झीज खर्चात धरतात ती) १० लाखांनी वाढलं तर काय होईल? २५ टक्के टॅक्स धरला तर टॅक्सनंतरचा नफा साडेसात लाखांनी कमी आणि टॅक्स वाचल्यामुळे कॅश अडीच लाखांनी जास्त, हे पुस्तकी उत्तर. पण आपल्याकडे कंपनी कायद्याचं डेप्रिसिएशन वेगळं आणि इन्कम टॅक्सचं वेगळं, त्यामुळे नुसतं कंपनीच्या हिशोबात वाढवून टॅक्स वाचत नाही. हे बोलणारा मिळाला तर सोडू नका.

खातेवही: प्रश्न चांगलेत, पण मराठीत उत्तर द्यायची मुभा द्या हो. तालुक्याच्या कॉलेजातून बीकॉम केलेली मुलं हिशोबात पक्की असतात, इंग्लिश बोलायच्या टेन्शनमध्येच गप्प बसतात आणि आपण त्यांना येत नाही म्हणून परत पाठवतो, हे मला अजिबात पटत नाही. कागद-पेन द्या, दोन मिनिटं विचार करू द्या, आणि उत्तर चुकलं तर एक हिंट देऊन बघा, स्वतःची चूक सापडते का ते कळतं.

जमाखर्च_पुणे: खूप आभार सगळ्यांचे! मराठीचं तर नक्की करतो. कॅल्क्युलेटर द्यायचा का?

सीए_नाशिक: द्या की. १.१८ ने भागायचं हे सुचलं पाहिजे, भागाकार मशीनने केला तरी चालेल.