मदत हवी आहे: भजनांच्या कॅसेटांची डीव्हीडी, रिमोटच्या 'नेक्स्ट'वर पुढचा अभंग लागेल अशी

चरईकर

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटा एका दुकानातून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. फायली वेव्ह आहेत, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. पण दुकानदाराने कॅसेटची एक बाजू म्हणजे एक फाइल असा हिशेब ठेवलाय. सगळं मिळून साडेआठ-नऊ तास. अभंग, गौळणी, गजर धरून शंभराच्या वर.

पेनड्राइव्ह सुचवणाऱ्यांना आधीच हात जोडते. टीव्हीला तो लागतो, पण सोर्स बदला, फोल्डर उघडा हे सासूबाईंना जमवायचंच नाहीये. डीव्हीडी प्लेअर मात्र त्यांना पाठ आहे. रिमोटवरचे आकडे पुसले गेलेत, तरी नेक्स्टचं बटण चष्म्याशिवाय सापडतं.

एमपी३ भरून साधी डेटा डीव्हीडी केली. वाजते, पण मराठी नावांच्या जागी पडद्यावर नुसते चौकोन. मग डीव्हीडीस्टायलर हा डीव्हीडी बनवायचा प्रोग्रॅम घेतला, दोन-तीन अभंग कापून एकेक वेगळा घातला. आता एक संपला की गाडी मेनूवर येऊन थांबते आणि नेक्स्ट दाबलं तर ढिम्म. अभंग आपोआप पुढे जावेत, नेक्स्ट चालावं आणि पडद्यावर मराठीत नाव दिसावं, एवढंच हवंय. कसं करू?

खाडीपलीकडचा

ताई, पेनड्राइव्ह म्हणणारच होतो, तुम्ही आधीच तोंड बंद केलंत. :) गाडीत मात्र तोच बरा.

ऐरोलीकर

तुम्ही प्रत्येक अभंगाचं वेगळं टायटल, म्हणजे डीव्हीडीवरचा स्वतंत्र व्हिडिओ, केलंय. प्लेअरचं नेक्स्ट चालतं ते एका टायटलमधल्या चॅप्टरांवर, म्हणजे त्यातल्या खुणांवर, टायटल ओलांडून ते सहसा जात नाही. म्हणून सगळे अभंग एकाच टायटलमध्ये, एकामागोमाग, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला चॅप्टर.

एका टायटलमध्ये जास्तीत जास्त ९९ चॅप्टर बसतात. तुमचे शंभराच्या वर आहेत, तेव्हा सरळ दोन डीव्हीडी करा. एकीवर अभंग, दुसरीवर गौळणी आणि गजर. सासूबाईंनाही शोधायला सोपं.

बाजू कापत बसू नका. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, अभंग जिथे सुरू होतो तिथे कंट्रोल-बी दाबून लेबल टाका आणि नाव लिहा. शेवटी लेबलं एक्स्पोर्ट केलीत की वेळा आणि नावं असलेली साधी टेक्स्ट फाइल मिळते. डीव्हीडीस्टायलरमध्ये टायटलच्या प्रॉपर्टीजमध्ये चॅप्टरच्या वेळा लिहायची जागा आहे, तिथे त्याच वेळा भरायच्या. बाजू एकमेकींना जोडल्यावर मागच्या बाजूंची लांबी मिळवायला विसरू नका.

तबलापेटी

ऐरोलीकरांनी चॅप्टरचं सांगितलं, मी आवाजाचं सांगतो. डीव्हीडी-व्हिडिओत ४४.१ चालत नाही, ४८ किलोहर्ट्झच लागतं. प्रोग्रॅम स्वतः बदलून घेतो, पण ऑडॅसिटीतूनच ४८ वर एक्स्पोर्ट केलेलं बरं. आवाज एलपीसीएम ठेवा, म्हणजे न दाबलेला. जुन्या चकवा-टाळांचा खणखणाट एसी-३ मध्ये, म्हणजे दाबलेल्या आवाजात, पहिला मरतो.

ऐरोलीकर

कॅसेटवरून आलेल्या आवाजात कुठला खणखणाट राहिलाय? गणित करू. स्टीरिओ एलपीसीएम सेकंदाला १५३६ किलोबिट खातो. चित्र स्थिर असलं तरी व्हिडिओला हजारेक किलोबिट धरा. ४.७ जीबीच्या तबकडीवर जेमतेम चार तास. एसी-३ २५६ ठेवला तर तेवढ्याच चित्रासह आठ तासांच्या वर. यांचे एकेकीवर सव्वाचार-साडेचार तास होणार.

तबलापेटी

मग चित्राचे हजार कशाला? जागचं न हलणारं चित्र आहे, सातशे पुरतात. तेवढ्यात साडेचार तास एलपीसीएम बसतो. ताई, एकच अभंग दोन्ही तऱ्हांनी करा आणि सासूबाईंना न सांगता ऐकवा. फरक कळला तर एलपीसीएम, नाही कळला तर ऐरोलीकर जिंकले. मूळ वेव्ह फायली मात्र वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाच, डीव्हीडी हा काही जतनाचा मार्ग नव्हे.

चरईकर

दोघांचेही आभार, भांडण उपयोगी पडलं. :) पण त्या चौकोनांचं काय?

ऐरोलीकर

इथे प्लेअरचा फाँट लागतच नाही, नाव चित्रातच लिहायचं. प्रत्येक अभंगाचं एक चित्र: गडद पार्श्वभूमी, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत पहिली ओळ, खाली गायिकेचं नाव. कडेला चारी बाजूंनी दहा टक्के जागा सोडा, जुने टीव्ही कडा खातात. वेलांट्या आणि मात्रा पहिल्या जातात. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. चित्रं आणि आवाज जोडून एक लांब व्हिडिओ कुठल्याही साध्या एडिटरमध्ये करा, चित्र बदलतं तिथेच लेबलची वेळ.

चॅप्टर अगदी नेमक्या फ्रेमवर बसत नाही, तो पूर्ण चित्राच्या फ्रेमवर सरकतो, आणि ती साधारण अर्ध्या सेकंदाला एक येते. दोन अभंगांत सेकंदभर शांतता असू द्या, नाहीतर नेक्स्ट दाबल्यावर मागच्या अभंगाचं शेवटचं 'विठ्ठल' ऐकू येईल.

जाळण्याआधी, म्हणजे तबकडीवर लिहिण्याआधी, प्रोग्रॅमने बनवलेला व्हिडिओ टीएस फोल्डर कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून चॅप्टर तपासा. मग डीव्हीडी-आर घ्या, जुने प्लेअर तिला सहसा नाही म्हणत नाहीत. वेग ४ एक्स ठेवा.

चरईकर

काल रात्री अभंगांची पहिली डीव्हीडी झाली, एसी-३ वर. (दोन्ही ऐकवले, त्यांना फरक कळला नाही. तबलापेटी, माफी.) नेक्स्ट दाबलं की पुढचा अभंग, नावासकट. सासूबाईंची एकच तक्रार, एका गायिकेच्या नावात 'ळ' हवा तिथे 'ल' पडलाय. तो सुधारून पुन्हा जाळेन. मंडळातल्या बायकांना प्रती द्यायच्या आहेत, वर छापलेले गोल स्टिकर चिकटवले तर छान दिसतील ना?

खाडीपलीकडचा

स्टिकर अजिबात नको. तबकडी वेगात फिरते, कागद जरा एका बाजूला गेला तरी तोल जातो, आणि गरम झाल्यावर कड सुटली की ट्रे अडकतो. सीडी मार्करने लिहा, बॉलपेनने नाही. मला दोन प्रती, आमच्या आईसाठी.