रेडिओवरचा ओळखीचा आवाज अचानक बंद होतो तेव्हा (अनुभव धागा)

मेघना_आयोवा
गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी गाडीत रेडिओ लावला आणि भलताच आवाज. मी अमेरिकेत आयोवा राज्यात सीडर रॅपिड्सजवळच्या छोट्या गावात राहते, कामावर जायला पाऊण तास लागतो. बारा वर्षं त्या पाऊण तासाला एकच सोबत होती, इथल्या कंट्री म्हणजे अमेरिकन गावरान गाण्यांच्या रेडिओ स्टेशनचा सकाळचा निवेदक. ती गाणी मला सुरुवातीला कळायची नाहीत, मी ऐकायचे ते त्याच्यासाठी. मक्याचा भाव, बर्फामुळे कुठल्या शाळेला सुट्टी, कुठल्या चर्चमध्ये शनिवारी पॅनकेकचा नाश्ता, कोण वारलं, कुणाला जुना फ्रीज विकायचाय, सगळं तोच सांगायचा.

१० ऑगस्ट २०२० ला इथे डेरेचो आलं, म्हणजे सरळ रेषेत धावत येणारं वादळ. वारा ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. वीज गेली ती कित्येक दिवस, मोबाइल मुके. आम्ही दारात गाडी उभी करून तिच्या रेडिओवर त्याला ऐकत बसायचो. बर्फ कुठे मिळतोय, कुठल्या पंपावर पेट्रोल आहे, कुठल्या रस्त्यावर झाड आडवं पडलंय. लोक स्टेशनवर जाऊन त्याला सांगत आणि तो आम्हाला. तिसऱ्या दिवशी मीही गेले, शेजारच्या आजींच्या ऑक्सिजन मशीनला जनरेटर हवा होता. त्यानं माझं नाव विचारलं. ‘मेग्ना’ म्हणाला, थांबला, परत विचारलं. ‘घ’ काही येईना. ओठ हलवत तीनदा म्हणून बघितलं आणि मगच माइक उघडला. जनरेटर तासाभरात आला.

त्याला शुक्रवारी कार्यक्रम संपल्यावर ऑफिसात बोलावून सांगितलं म्हणे, उद्यापासून येऊ नका. एकोणीस वर्षांची नोकरी. आता जो बोलतो तो दुसऱ्या राज्यातून रेकॉर्ड करून पाठवतो, आमच्या गावाचं नाव एकदाही घेत नाही. मला सगळ्यात लागलं ते हे, की त्याला निरोपाचे दोन शब्द बोलू दिले नाहीत. आणि आम्हालाही.

त्यावरून आजोळ आठवलं. चिपळूणजवळ आजीकडे दिवसभर रत्नागिरी केंद्र चालू असायचं, निवेदिका बदलली की आजी विचारायची, ‘आज ती का नाही गो? बरी आहे ना?’ तुमच्याही आठवणी असतील, लिहा.

दर्यावर्दी
रत्नागिरी ११४३!! आमच्या घरात काटा तिथेच अडकवलेला, दुसऱ्या कुणी हलवायचा नाही. वडील मच्छीमार. ‘समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ हे वाक्य आलं की आई हातातलं काम टाकून दारात यायची. बाबा आधीच बाहेर पडलेले असले तर त्या दिवशी चूल पेटायची नाही. तेच वाक्य आता फोनवर येतं, पण वाचलं की नुसती माहिती मिळते. त्या बाईंच्या आवाजात काळजी होती.

सुरंगी
मेघनाताई डोळे भरून आले. ते ओठ हलवत म्हणून बघणं.... नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

धुळ्याचा_पक्या
रेडिओचे सेल उतरले की उन्हात ठेवायचे, कोणाकोणाला आठवतंय? आमच्या गच्चीवर पापड आणि सेल शेजारी शेजारी.

दर्यावर्दी
@पक्या हो हो, आणि दोन दिवस परत चालायचे!

गोकर्णा
मी माइकच्या त्या बाजूची आहे. एका आकाशवाणी केंद्रावर अकरा वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते. नैमित्तिक म्हणजे महिन्याला सहा ड्युट्या, बाकी महिना तुम्ही कोणी नाही. सकाळच्या सभेची (प्रसारणाच्या सत्राची) ड्युटी असली की साडेचारला उठायचं, स्टुडिओत क्यूशीट (कार्यक्रमांचा क्रम लिहिलेला कागद) समोर ठेवून ते पाठ होईपर्यंत वाचायचं, घसा साफ, फेडर (आवाजाची सरकती कळ) वर, लाल दिवा. ‘हे आकाशवाणीचं केंद्र आहे’ म्हणताना रोज अंगावर काटा यायचा, अकराव्या वर्षीसुद्धा. पत्रं यायची फर्माइशीची, पोस्टकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं, शेजाऱ्यांची, एकाने तर बैलांचीही लिहिली होती. मी बैलांचीही वाचली. वरिष्ठ रागावले, पण त्या गावातून पुढच्या आठवड्यात चाळीस पत्रं आली.

मग पुन्हा आवाजाची चाचणी द्या, वयाची अट, असं सुरू झालं. पुढच्या महिन्याच्या ड्युटी चार्टवर माझं नाव नव्हतं, बस. मेघना, तुमच्या त्या माणसाला निदान बोलावून सांगितलं. मी चार्टसमोर उभी राहून तीनदा वाचला, वाटलं खाली कुठेतरी असेन.

सुरंगी
@गोकर्णा 😢 किती ते. अकरा वर्षं.

ओहायोकर
रेडिओ इंजिनिअर आहे म्हणून लिहितो. मेघनांच्या स्टेशनवर आता दुसऱ्या राज्यातून रेकॉर्ड होऊन येतं, त्याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. एक निवेदक एका शहरात बसून पाचसहा गावांसाठी वाक्यं रेकॉर्ड करतो, संगणक ती गाण्यांच्या मध्ये बसवतो. १९९६ च्या दूरसंचार कायद्याआधी इथे अमेरिकेत एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० स्टेशनं ठेवता यायची, ती मर्यादा उठली आणि पुढे एकेका कंपनीकडे शेकड्यांनी, एकीकडे तर हजारावर जमली. कर्ज काढून घेतलेली. मग कर्ज फेडायला पहिली कात्री पगारावर, म्हणजे माणसांवर. कंट्रीची स्टेशनं इथे सगळ्यात जास्त, आणि बरीचशी छोट्या गावांत, त्यामुळे तिथे जास्त जाणवतं.

नॉर्थ डकोटातल्या मिनॉटचं उदाहरण आम्हा लोकांत नेहमी निघतं. १८ जानेवारी २००२ ला मध्यरात्र उलटल्यावर मालगाडी घसरून अमोनिया गावावर पसरला, एक माणूस दगावला. गावातली सहाही व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीची. पोलिसांचा वेळेवर संपर्क झाला नाही. नेमकं चुकलं कुणाचं यावर नंतर बराच वाद झाला, पण मला एवढं कळतं की रात्री स्टुडिओत जागं माणूस असेल तर कुणीतरी दार तरी वाजवू शकतं.

मावळतीचे_रंग
पुण्यात २०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करायचा आदेश निघाला होता. लोक खवळले, तेव्हा थांबला. ज्यांनी सुधा नरवणे यांच्या बातम्यांवर सकाळचं घड्याळ लावलं त्यांना विचारा काय वाटलं. माझे सासरे ८१ वर्षांचे, त्यांनी हातानं पत्र लिहिलं दिल्लीला, मी पोस्टात टाकलं.

नेहा_ऑन_एअर
मी खाजगी एफएमवर होते, सहा वर्षं, दुपारचा शो. शहराचं नाव नको. माझ्या जागी मुंबईहून येणारा एकच शो सगळीकडे लागला. नंतर आठ महिन्यांनी रिक्षात बसले आणि पत्ता सांगितला तर दादांनी रिक्षा बाजूला घेतली. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही नेहा ना? कुठं गेलता? आम्ही स्टँडवर लई चौकशी केली.’ पैसे घेतले नाहीत. मी घरी येऊन रडले. तोपर्यंत वाटायचं लिंक मारली, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये बोललं, की ती हवेत विरून जाते.

सुरंगी
मेघनाताई तिकडे गावात कोथिंबीर मिळते का हो? माझी भाची चाललीय आयोवाला शिकायला

मेघना_आयोवा
@सुरंगी मिळते, मेक्सिकन दुकानात ताजी आणि स्वस्त. भाचीला माझा निरोप द्या, थंडीचे बूट इथे येऊनच घे म्हणावं.
@नेहा, त्या रिक्षावाल्या दादांना नमस्कार.
आणि हो, आमचा तो निवेदक आता शुक्रवारी हायस्कूलच्या फुटबॉल मॅचला मैदानावरच्या लाउडस्पीकरवरून मुलांची नावं पुकारतो. माझा मुलगा बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण या शुक्रवारी पहिल्या रांगेत बसणार आहे.

धुळ्याचा_पक्या
परदेशातल्यांनी न्यूजऑनएअर ॲप घ्या, आपली बरीच केंद्रं लागतात. माझा भाऊ दुबईत जळगाव ऐकतो.

दर्यावर्दी
@गोकर्णा ताई, त्या काळातला कोणी श्रोता अजून बोलतो का तुमच्याशी?

गोकर्णा
एक काका आहेत, दृष्टी नाही. मी रेडिओवरून नाहीशी झाले म्हणून त्यांनी केंद्रावर फोन करकरून माझा नंबर मिळवला. नऊ वर्षं झाली. दर रविवारी सकाळी सातला मी त्यांना फोन करते आणि पुरवणीतलं काहीतरी वाचून दाखवते. सुरुवात कशी करायची ते त्यांनीच ठरवलंय. मी ‘श्रोतेहो, नमस्कार’ म्हटल्याशिवाय ते हॅलोसुद्धा म्हणत नाहीत.